स्मृतीला ताप किती?

घरात कुणाला कणकण वाटू लागली, की आपण आधी कपाळावर हात ठेवतो आणि मग थर्मामीटर शोधू लागतो. हाताला ‘बराच’ वाटलेला ताप पुष्कळदा थर्मामीटरवर नव्व्याण्णवच्या पुढे जात नाही. कधी याच्या अगदी उलटही घडते. म्हणून शहाणी आई हाताचे ऐकून घेते, पण औषध थर्मामीटर पाहूनच देते. माणसांच्या बाबतीत ही शिस्त आपल्या अंगवळणी पडली आहे. यंत्रांच्या बाबतीत मात्र आपण अजून कपाळावर हात ठेवण्याच्याच पायरीवर आहोत. यंत्र अडले, की ‘तापले असेल’ म्हणायचे, आणि कुणामुळे तापले याचा निवाडा ज्याच्यावर आपला आधीच राग असेल त्याच्या विरुद्ध देऊन मोकळे व्हायचे!

मी मराठीचा प्राध्यापक. विज्ञानाच्या प्रयोगवहीशी माझा संबंध शाळेबरोबरच संपला. तरीही गेल्या एप्रिलमध्ये सुट्टीचे चौदा दिवस मी आमच्या घरातल्या संगणकाच्या स्मृतीचे तापमान मोजण्यात घालवले. ‘स्मृती’ म्हणजे जिला सारे जग ‘रॅम’ म्हणते ती. असा उद्योग मला का करावा लागला, आणि त्यातून काय निघाले, ते सांगतो. ज्या घरात एकच संगणक आहे आणि त्याला वापरणारी माणसे तीन आहेत, त्या घरांना त्याचा उपयोग होईल.

आमची सौ. तीन सहकारी गृहसंस्थांचे हिशेब घरी बसून लिहिते. मार्च सरला, की तिचे खरे दिवस सुरू होतात. पावत्या, व्हौचर, थकबाकीदारांच्या याद्या, मग हिशेबतपासनीस. चिरंजीव अनिकेत अकरावीतून बारावीत गेलेला. संध्याकाळी तो मित्रांबरोबर मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळतो. मित्र आपापल्या घरी, हा आपल्या घरी, आणि मोटारी मात्र एकाच रस्त्यावर! यंदा एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात भर दुपारी सौ.च्या पुढ्यातला पडदा एकाएकी निळा झाला आणि अर्ध्या दिवसाच्या नोंदी गेल्या. चार दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी एक फाइल उघडेचना.

“तो खेळ खेळून खेळून यंत्र तापवून ठेवतो. आता खेळ बंद,” सौ.ने निकाल दिला.

“आई, मी संध्याकाळी खेळतो. बंद पडतो तो दुपारी,” चिरंजिवांनी बचाव मांडला.

“सुट्टी लागल्यापासून दुपारीही खेळतोस की. मी जेवायला उठले, की तू बसलास!”

दुकानदाराला बोलावले. त्याने झाकण उघडले, पट्टीला बोट लावले, चटकन मागे घेतले आणि म्हणाला, “साहेब, रॅम जळाली. दोन्ही पट्ट्या बदला.” २०२५ च्या अखेरीपासून या पट्ट्यांचे भाव भलतेच चढले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांनी स्मृतीच्या चिपांची मागणी इतकी वाढवली, की घरगुती गिऱ्हाइकाला त्याची झळ लागली. दुकानदाराने सांगितलेला आकडा ऐकून सौ. आणि चिरंजीव या दोघांचे प्रथमच एकमत झाले, की थोडे थांबावे. मी म्हटले, “थांबायचेच आहे, तर मोजू या.”

ओटा आणि फडताळ

मोजण्याआधी काय मोजायचे ते समजून घेतले पाहिजे. संगणकात माहिती दोन ठिकाणी असते. स्वयंपाकघरात जसे फडताळ आणि ओटा, तसेच हे. डबे, बरण्या फडताळात कायम राहतात. स्वयंपाक करताना लागेल तेवढे काढून ओट्यावर घ्यायचे. संगणकाचे फडताळ म्हणजे त्याची डिस्क. वीज गेली तरी तिथले जात नाही. ओटा म्हणजे रॅम. हिशेबाची फाइल उघडली, की ती फडताळातून ओट्यावर येते. आपण ‘सेव्ह’ म्हणतो तेव्हा परत फडताळात जाते. वीज गेली, की ओटा क्षणार्धात पुसून साफ! सौ.च्या नोंदी गेल्या त्या या ओट्यावरच्या.

आमच्या संगणकात १६ जीबीच्या दोन पट्ट्या आहेत. वीतभरही नसलेल्या एका पट्टीवर तेरा हजार सातशे कोटींहून अधिक घरे, आणि प्रत्येक घरात शून्य किंवा एक. तुलनेसाठी सांगतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये ‘टिफ्रॅक’ हा संगणक कामाला लागला. भारतात घडवलेल्या पहिल्या संगणकांपैकी तो एक. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. म्हणजे घरे ८१,९२०. आज दिवाळीच्या शुभेच्छांचे एखादे चित्र मोबाइलवर येते, तेही त्या स्मृतीत बसणार नाही.

गळके घट आणि पाढ्यांची उजळणी

‘टिफ्रॅक’ची स्मृती फेराइटच्या इवल्या कड्यांची होती. एकदा चुंबकत्व दिले, की कडे ते धरून ठेवी. आजच्या रॅमची जात वेगळी. तिची मूळ कल्पना आयबीएम कंपनीतले अभियंते रॉबर्ट डेनार्ड यांची. १९६८ मध्ये त्यांना तिचे पेटंट मिळाले. प्रत्येक घरात विजेचा एक अतिसूक्ष्म घट आणि त्याला एक झडप. घट भरलेला असेल तर एक, रिकामा असेल तर शून्य. युक्ती इतकी सोपी आणि आटोपशीर, की थोड्या जागेत कोट्यवधी घट बसवता आले.

पण यात एक मेख आहे. हे घट गळके आहेत! भरलेला घट आपोआप रिता होत जातो. म्हणून तो पुरता गळण्याआधी प्रत्येक घर वाचायचे आणि जसे होते तसे पुन्हा भरायचे, हे काम यंत्राला अखंड करावे लागते. आमच्या लहानपणी तिन्हीसांजेला दिवा लागला, की परवचा म्हणावी लागे. बे एके बे पासून तीसापर्यंत. काल पाठ होते म्हणून आज सुटका नसे. कारण उजळणी थांबली, की सतराचा पाढा सर्वांत आधी गळायचा. रॅमचे तसेच आहे. फक्त तिची परवचा दिवसातून एकदा होत नाही. सेकंदाचे हजार भाग केले, तर डीडीआर४ जातीच्या पट्टीत ६४ भागांत आणि नव्या डीडीआर५ जातीत ३२ भागांत साऱ्या घरांची एक उजळणी पुरी व्हावी लागते. म्हणजे दर सेकंदाला डीडीआर५ची तीसएक वेळा!

आता तापमानाचा संबंध कुठे येतो? घट जितका तापलेला, तितकी गळती अधिक. म्हणून या पट्ट्यांची मानके ठरवणाऱ्या ‘जेडेक’ या संस्थेने मर्यादा घालून दिली आहे. चिपचे तापमान ८५ अंश सेल्सियसपर्यंत असेल तर नेहमीची उजळणी पुरे. ८५ ते ९५ च्या दरम्यान गेले तर उजळणी दुप्पट वेळा करायची. उजळणी चालू असताना स्मृतीचा तो भाग दुसऱ्या कामाला मिळत नाही, त्यामुळे कामाचा वेग थोडा खालावतो.

याची दुसरी बाजू मोठी गमतीची आहे. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये रॅमच्या पट्ट्या उणे ५० अंशांपर्यंत थंड केल्या, आणि वीज काढून घेतली. दहा मिनिटांनी पाहतात, तर शंभरातला एक भागही स्मृती गेलेली नव्हती! बंद केलेल्या संगणकातून गुपिते चोरता येतात हे दाखवण्यासाठी त्यांनी तो खटाटोप केला होता. पण आपल्यापुरते तात्पर्य असे, की ही स्मृती थंडीत टिकते आणि उन्हाळ्यात लवकर विसरते.

चौदा दिवसांची वही

मोजायचे कसे? यासाठी बाजारातून थर्मामीटर आणावा लागत नाही. डीडीआर५च्या पट्टीवर तापमापकाची सोय मुळातच असते. विंडोजवर चालणारा ‘एचडब्ल्यूइन्फो’ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम त्याचे आकडे दाखवतो, आणि आत्ताचे, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त असे रकाने देतो. जुन्या डीडीआर४च्या पुष्कळ घरगुती पट्ट्यांवर मात्र हा मापक नसतो. तेव्हा आकडा दिसला नाही, तर प्रोग्रामला दोष देऊ नये. आणखी एक ध्यानात ठेवायचे. हा मापक पट्टीच्या मध्यावर असतो, प्रत्येक चिपच्या पोटात नव्हे. त्यामुळे चिपचा खरा आकडा थोडा अधिक असू शकतो, असे धरून चालावे.

मी एक शंभर पानी वही घेतली. रकाने आखले : वेळ, खोलीचे तापमान, काम, किती वेळ, पट्टीचे तापमान. खोलीचे तापमान हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. आमच्या पुण्यात एप्रिलमध्ये सकाळी सहाला बैठकीची खोली २७ अंशांवर होती आणि दुपारी तीनला ३३ वर. हा सहा अंशांचा फरक लक्षात घेतला नाही, तर सकाळचा आकडा आणि दुपारचा आकडा शेजारी शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

दुपारी, ३३ अंशांच्या खोलीत, दोन पट्ट्यांपैकी जी जास्त तापत होती तिचे आकडे असे आले. संगणक नुसताच चालू, अर्धा तास : ४४ अंश. सौ.चे हिशेब, सोबत इंटरनेटची दहाबारा पाने आणि बारीक आवाजात नाट्यगीते, एक तास : ४७. मराठी चित्रपट, मध्यंतरापर्यंत : ४८. चिरंजिवांची शर्यत, एक तास : ६३!

“बघा,” सौ. म्हणाली. चिरंजिवांचा चेहरा उतरला.

पण वहीत आणखी एक ओळ भरायची होती. केवळ स्मृतीचीच परीक्षा घेणारे प्रोग्राम असतात. ते रॅममध्ये ठरावीक आकडे लिहितात, पुन्हा वाचतात, आणि जे लिहिले तेच वाचले गेले का, हे ताडून पाहतात. या परीक्षेत स्मृतीला खेळापेक्षा कितीतरी अधिक राबावे लागते. तेव्हा तासभर परीक्षा घेतली, तर आकडा ६३ च्याही पुढे जायला हवा. तो आला ५५.

शेजाऱ्याचा ताप

आमच्या खटल्यात या ५५ ने साक्ष फिरवली. स्मृती जास्तीत जास्त राबली तेव्हा ताप ५५, आणि त्याहून कमी राबली तेव्हा ६३. हे वरचे आठ अंश आले कुठून?

उत्तर त्याच पेटीत, चार बोटांवर होते. खेळाची चित्रे रंगवणारे ग्राफिक्स कार्ड खेळताना एखाद्या लहानशा शेगडीसारखे तापते. रॅमच्या पट्टीला मोजकीच वॅट वीज लागते. या कार्डाला शेदोनशे वॅट सहज. ती सारी वीज शेवटी उष्णता होऊन पेटीतल्या हवेत उतरते, आणि ती हवा पट्ट्यांवरून जाते. डीडीआर५च्या पट्टीला विजेचा दाब कमी लागतो हे खरे; पण दाब नियंत्रित करणारी चिप आता पट्टीवरच बसवलेली असते, तिची थोडी भर पडते. तरीही मोठा वाटा शेजाऱ्याचा.

आणि ही ऊन हवा बाहेर जावी कशी? आमची पेटी टेबलाच्या कप्प्यात, दार लावून ठेवलेली. धूळ बसू नये म्हणून तिच्या माथ्यावर घरच्या हौशी हातांनी विणलेले क्रोशाचे झाकण. पुढच्या जाळीवर गेल्या दोन वर्षांची धूळ, वाळवणावरच्या फडक्यासारखी ताणून बसलेली.

तरी एक कोडे उरलेच. ६३ म्हणजे काही ८५ नव्हे. मापक चिपपासून दूर आहे हे धरले, तरी पट्ट्या मर्यादेच्या पुष्कळ अलीकडे होत्या. मग पडदा निळा का व्हावा? ‘जळाली’ म्हणावे, तर पहाटे २७ अंशांच्या खोलीत घेतलेल्या परीक्षेत एकही चूक निघाली नाही. आणि दुपारी तासभर शर्यत खेळून लगेच तीच परीक्षा घेतली, तर पहिल्या पाच मिनिटांत तीन चुका.

खुलासा संगणकाच्या मूळ मांडणीत सापडला. पट्ट्यांना मानकाने ठरवून दिलेला एक वेग असतो. शिवाय निर्माते ‘याहून जास्त वेगानेही चालेल’ असा दुसरा वेग पट्टीत नोंदवून ठेवतात. त्यालाच एक्सएमपी किंवा एक्सपो म्हणतात. आमच्या पट्ट्यांचा ठरलेला वेग ४,८०० आणि दाब १.१ व्होल्ट, संगणक जोडून देणाऱ्याने तो ६,००० आणि १.३५ व्होल्टवर लावून दिला होता. थंड हवेत ही चाल पेलत होती. दुपारच्या उन्हाळ्यात, बंद कप्प्यात, शेजारी शेगडी पेटलेली असताना ती पेलेनाशी झाली. इयत्ता चौथीतला पोर सावकाश म्हणताना पाढा बरोबर म्हणतो. भरभर म्हणायला लावला, की एकोणीस साती अडखळतो. तो पाढा विसरलेला नसतो.

एका अंकाची किंमत

“पडदा निळा झाला तर निदान कळते तरी,” सौ. म्हणाली, “पण कळलेच नाही तर?” हिशेब लिहिणाऱ्या बाईला सुचलेला हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो.

२००३ मध्ये बेल्जियममधील स्कारबेक या गावी निवडणुकीत एका उमेदवाराच्या पदरात ४,०९६ मते जादा पडली. मिळू शकतील त्याहून अधिक मते दिसली, म्हणून शंका आली आणि फेरमोजणी झाली. ४,०९६ म्हणजे दोनाला बारा वेळा गुणून येणारी संख्या. संगणकाच्या स्मृतीत एकच बिट शून्याचा एक झाला, तर अचूक एवढाच फरक पडतो. अंतराळातून आलेल्या एखाद्या कणाने तो बिट उलटवला असावा, असा तज्ज्ञांचा कयास. तिथे कारण तापाचे नव्हते. पण स्मृतीतल्या एका घराची चूक किती आकड्यांची होऊ शकते, हे त्यावरून कळते. सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत ४,०९६ रुपयांचा मेळ बसला नाही, तर काय प्रसंग ओढवेल, याची कल्पना गृहसंस्थांत राहणाऱ्या वाचकांना मी काय द्यावी!

डीडीआर५च्या चिपमध्ये एका बिटाची चूक आतल्या आत दुरुस्त करून घेण्याची सोय आहे. पण चिपमधून बाहेर पडून प्रोसेसरपर्यंत जाताना वाटेत जी गफलत होते, तिला ती सोय उपयोगी पडत नाही. आणि वाजवीपेक्षा वेग वाढवला, की गफलत वाटेतही होऊ शकते. ती दुरुस्त करणाऱ्या वेगळ्या पट्ट्या असतात, त्या मुख्यतः मोठ्या संस्थांच्या यंत्रांत वापरतात.

मग आम्ही उपाय सुरू केले, पण एका दिवशी एकच. सगळे एकदम केले, तर गुण कशाचा आला हे कळत नाही. पहिल्या दिवशी पेटी कप्प्यातून काढून टेबलाशेजारी मोकळ्यावर ठेवली : तासाभराच्या शर्यतीनंतर ५६ अंश. दुसऱ्या दिवशी क्रोशाचे झाकण काढले आणि पुढची जाळी मऊ ब्रशने स्वच्छ केली : ५२. खेळानंतर लगेच स्मृतीची परीक्षा घेतली. एकही चूक नाही. खेळाचे भागत होते. पण हिशेबाच्या दृष्टीने आणखी निर्धास्तपणा हवा, म्हणून तिसऱ्या दिवशी वेग परत ४,८०० वर आणि दाब १.१ वर आणला : ४८ अंश. चिरंजिवांना मोटारीच्या धावेत थोडा फरक जाणवला. पण दुसऱ्या पर्यायात मोटारच जाणार होती, म्हणून त्यांनी तो मुकाट्याने सोसला. मे महिना कडक गेला. पडदा एकदाही निळा झाला नाही. सौ.चे तिन्ही ताळेबंद वेळेवर गेले, आणि पट्ट्यांचे पैसे बँकेतच राहिले.

आपल्या घरी करायचे झाल्यास

हा उद्योग कुणालाही जमेल. रोजचे काम करताना अर्धा तास, खेळताना एक तास आणि स्मृतीची परीक्षा घेताना एक तास, असे तीन आकडे घ्यावेत, आणि प्रत्येकाशेजारी खोलीचे तापमान न विसरता लिहावे. खेळाचा आकडा परीक्षेच्या आकड्यापेक्षा वर गेला, तर ताप शेजाऱ्याचा आहे. पेटीतली हवा मोकळी करावी. दोन्ही आकडे सारखेच वर असतील, तर वेग आणि दाब कसा लावला आहे ते पाहावे. थंड पहाटेच्या परीक्षेतही चुका येत असतील, तर मात्र पट्टी खरोखरच सदोष असण्याचा संभव आहे; दुकानाची पायरी चढावी, पण हमीपत्र बरोबर घेऊन. मांडीवरचा संगणक असेल, तर तो गादीवर, उशीवर ठेवून वापरू नये. त्याची हवा बहुधा पोटाखालून जाते. पेटी उघडायची असेल, तर आधी वीज बंद करून वायर काढून ठेवावी. आणि कितीही आकडे चांगले आले, तरी दर काही मिनिटांनी ओट्यावरचे फडताळात ठेवण्याची सवय सोडू नये.

राहता राहिला खेळाचा प्रश्न. वही मिटल्यावर चिरंजीव आनंदाने म्हणाले, “आई, म्हणजे माझ्या खेळाने काही बिघडत नाही, हे सिद्ध झाले!”

“संगणकाचे बिघडत नाही, एवढे सिद्ध झाले,” सौ. म्हणाली. “बारावीचे काय बिघडते, ते मोजायला कुठला प्रोग्राम आहे का, ते बाबांना विचार.”

तसा प्रोग्राम मला अजून सापडलेला नाही. तूर्त रोज एक तास ठरला आहे, आणि त्याचा रकाना त्याच वहीत सौ.ने स्वतः आखला आहे.